ठोकलेला नंबर

"हा नको," ती म्हणाली आणि हातोडी इंजिनाच्या पुढच्या ब्लॉकवर हाणली.

"अगं, निवडायला आलीयस की फोडायला?" दादा फाटकाजवळच्या एवढ्याशा कोरड्या जागेवर उभा होता. भंगाराच्या आवारात सगळीकडे जुनं तेल मुरलेलं, आणि त्याचे बूट नवे.

"कळत नसेल तर गप्प उभा राहा."

"भांडा, भांडा. मला करमणूक," उलट्या ड्रमवर बसलेला भंगारवाला म्हणाला. "मिस्त्रींची लेक शोभतेस खरी. तेही असेच यायचे आणि माझा माल असा बडवायचे, की मलाच लागायचं."

ती हसली नाही. इंजिन तडकलं त्या दिवसापासून ती धुमसत होती. गाडी बाबांची. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी ती आयुष्यभर वापरली, बाबांनी आयुष्यभर तिची दुरुस्ती केली, आणि शेवटी डॉक्टरांनी ती बाबांच्याच नावावर करून दिली. "इतका सचोटीचा माणूस मला दुसरा भेटला नाही," असं चारचौघांत सांगून. बाबा गेले, गाडी वर्कशॉपच्या शेडमध्ये राहिली. दादा जुन्या गाड्यांची दलाली करायचा. त्यानं गिऱ्हाईक गाठलं आणि दाखवायला म्हणून, कुणाला न विचारता, गाडी बाहेर काढली. रेडिएटरमध्ये पाणी आहे का, हेसुद्धा पाहिलं नाही. धूर यायला लागला तरी 'आता घर आलंच' म्हणत हाकत राहिला. दोन सिलेंडरांमधली भिंत उभी चिरली. असल्या चिरेवर ठिगळ टिकत नाही.

गिऱ्हाइकाला मात्र गाडी हवीच होती. इंजिन पहिल्या दिवसाचं आहे, असं दादानं छातीठोक सांगितलं होतं, कारण बाबाही तसंच सांगायचे.

दुसऱ्या ब्लॉकचा आवाज बद्द आला. तिसऱ्याला ताजा चंदेरी रंग होता.

"हा बघ, कसा नवरीसारखा नटलाय," दादा म्हणाला.

"म्हणूनच नको. रंगाखाली काय झाकलंय, कुणास ठाऊक."

"माझा अपमान चाललाय," भंगारवाला म्हणाला आणि पायानंच त्यानं कोपऱ्यातली ताडपत्री बाजूला सारली. "हा घे मग, कुरूप."

खालचा ब्लॉक गंजानं तांबडा झाला होता. तिनं गुडघे टेकून बाजूला ब्रश मारला. ओतकामातच उठून आलेला साच्याचा नंबर दिसू लागला. बाबांच्या गाडीला कुठला चालतो ते तिला पाठ होतं. तोच होता. हातोडी मारली, तर घंटेसारखा नाद आला आणि लांबत गेला. सिलेंडरमध्ये बोट फिरवलं. झीज होती, पण पूर्वी कधी बोअर केलेलं नव्हतं, म्हणजे कातायला जागा शिल्लक होती. मग तिनं दोन सिलेंडरांच्या मधल्या भिंतीला रॉकेल लावलं, कोरडं पुसलं आणि वरून खडूची पूड भुरभुरली. कुठे बारीकशी चीर असलीच, तर आत शिरलेलं रॉकेल पुडीवर काळी रेघ ओढतं. ती वाट पाहत राहिली. पूड पांढरीच राहिली.

"हा," ती म्हणाली, आणि तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तिचा तळवा क्षणभर त्या गार लोखंडावर राहिला.

"छान." दादा पहिल्यांदाच जवळ आला. "आता ह्याच्यावरचा ठोकलेला नंबर घासून टाकायचा आणि आपल्या गाडीचा ठोकायचा. बाबांचे आकड्यांचे पंच आहेतच तुझ्याकडे."

ती सावकाश उठली.

"पुन्हा बोल."

"अगं, सगळे करतात..."

"सगळे करतात तर सगळ्यांकडे जा! बाबांच्या गाडीवर, बाबांच्या पंचांनी, खोटा नंबर? आणि तोही माझ्या हातून? लाज कशी वाटत नाही रे तुला?"

"हळू बोल."

"का हळू? हा ब्लॉक ह्याच्याच नंबरानं गाडीत बसेल. गिऱ्हाइकाला सांगायचं, इंजिन बदललंय. आणि मूळचा तडकलेला ब्लॉक सोबत खोक्यात घालून द्यायचा. शौकीन लोकांना त्याचंही मोल असतं. जमत असेल तर वीक, नाहीतर राहू दे."

भंगारवाला ड्रमवरून उठला आणि कुणीही न सांगता ब्लॉकला साखळी बांधायला लागला.

वर्कशॉपमध्ये बाबांचा ब्लॉक उघडा करून स्टँडवर चढवलेला होता. भंगारातून आणलेला त्याच्या शेजारी उतरवला. स्टार्टर बसतो ती जागा दोघांची जुळते का, ते आधी पाहणं भाग होतं. बाबांच्या ब्लॉकवर त्या कोपऱ्यात तेलमातीचा जाड थर साचला होता. बाळाच्या मानेच्या वळीतला मळ काढावा तशी ती फडक्यानं, मग काडीनं, मग ब्रशनं तो हलकेच काढत गेली. आई चहा घेऊन आली. दादा मोबाइलवर गिऱ्हाइकाला 'काम झालं' म्हणून कळवत होता.

थराखाली ओतकामाची तारीख होती.

तिनं ती वाचली. दिवा जवळ ओढून पुन्हा वाचली. गाडी कारखान्यातून बाहेर पडली, त्यानंतर दोन वर्षांनी हा ब्लॉक ओतला गेला होता.

ती वरच्या सपाटीकडे वळली. तिथं ठोकलेला नंबर तिनं लहानपणापासून पाहिला होता, पण पाहिला असा नव्हता. त्यातल्या साताचा पाय खाली तुटका होता. बाबांच्या संचातला साताचा पंच टवका उडालेला होता. ती स्वतः रोज तोच वापरायची.

"आई," ती म्हणाली. "हे काय आहे?"

आईनं वाकून पाहिलं नाही. तिनं चहाचा ट्रे बाकावर ठेवला.

"डॉक्टर परदेशी गेले होते," आई म्हणाली. "ह्यांच्या हातून साखळी सुटली आणि ब्लॉक फरशीवर पडून फुटला. नवं नवं दुकान होतं. दुसरा आणला, नंबर घासला, ठोकला. बत्ती मीच धरली होती."

"आणि डॉक्टरांना?"

"उद्या सांगतो म्हणायचे. कितीतरी दिवस म्हणत राहिले. मग डॉक्टरांनी गाडीच देऊन टाकली, वर ते तसलं बोलले. त्यानंतर काय सांगणार होते?"

"म्हणून विकू देत नव्हते!" दादानं मांडीवर थाप मारली. "मी डोकं फोडून घ्यायचो, एवढी गिऱ्हाइकं येतात, हे का अडून बसतात!" तो हसायलाच लागला. "मग आता अडलंय कुठं? घराण्याची विद्या आहे ही. ठोक तूही. नाहीतर तुझंच खरं करू, हा जुना 'मूळचा' म्हणून खोक्यात घालून देऊ. तुझ्याच तोंडचं आहे."

तिनं हातातला ब्रश भिंतीवर फेकला. दादाला वाटलं, आपल्यावरच फेकला. पण ज्याच्यावर तिला फेकायचा होता, तो माणूस तिथं नव्हता. त्याच्यावर चिडायची तिला सवयच नव्हती. दुसऱ्यांच्या लबाड्यांवर कसं चिडायचं, ते त्यानंच शिकवलं होतं, ह्याच बाकाशी उभं करून, पंच सरळ धरायला शिकवता शिकवता.

"फोन दे."

"कशाला?"

"गिऱ्हाइकाशी बोलते."

"वेडी आहेस का? बाजारात आजही बाबांच्या नावावर लोक डोळे मिटून व्यवहार करतात! ते नाव मातीत घालणार तू?"

"गाडी कोरडी हाकलीस तेव्हा नाव नाही आठवलं?"

"जाऊ दे गं," आई पुटपुटली. "गेलेल्या माणसाला कशाला उकरायचं?"

"तू बत्ती धरलीस, आई. मी नाही धरणार."

आईनं दादाच्या हातातून मोबाइल घेतला आणि मुलीपुढे धरला.

गिऱ्हाईक मऊ बोलणारं, वयस्क होतं. तिनं सरळ सांगितलं: आता बसवतोय ते इंजिन मूळचं नाही, आणि तडकलं तेही मूळचं नव्हतं.

"पण नंबर तर तोच होता. मी स्वतः पाहिला."

"मागाहून ठोकलेला आहे."

"कुणी?"

समोर दादा दोन्ही हात हलवत होता. माहीत नाही म्हण, माहीत नाही म्हण. तिनं बाबांचं नाव सांगितलं, आडनावासकट.

पलीकडचा माणूस चक्क दुखावल्यासारखा म्हणाला, "हे बघा, मी त्यांना ओळखत होतो. ते असलं काही करणं शक्यच नाही. कुणीतरी तुम्हाला चुकीचं सांगितलंय. भल्या माणसाबद्दल असं बोलू नये हो. तुम्ही कोण बोलताय?"

तिनं बाक घट्ट धरला.

"मुलगी बोलतेय त्यांची," ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.