वाळूवाली बाई

"पाय काढ तिथून," ब्रेकवाला बायकोला म्हणाला. "साहेबांनी तेल पाजलंय फळ्यांना. घसरलीस तर थेट खाली."

"मी कशाला घसरते? मला आजपासून कामच नाही." तरी वाळूचं घमेलं तिच्या कमरेवर होतंच.

खाणीच्या उतारावर फळ्यांच्या दोन वाटा होत्या आणि त्यांवर दोन घसरगाड्या, एकाच दोराच्या दोन टोकांना बांधलेल्या. दोर माथ्यावरच्या चाकावरून गेलेला. दगडांनी भरलेली गाडी खाली जाई, तिच्या ओढीने रिकामी वर येई. नवराबायकोसारखंच, असं खाणीत म्हणत. यांतली भरलेली कोण, यावर मात्र एकमत नव्हतं. नवरा चाकाचा ब्रेक दाबे, बायको फळ्यांवर वाळू टाके. बावीस वर्षं.

नव्या साहेबांनी गणित मांडलं: घर्षणात शक्ती वाया जाते. गणित बिनचूक होतं. शक्ती कोण वाया घालवतं हे शोधलं, तर चक्क पगारी बाई निघाली. तिला काढलं, फळ्यांना तेल लावलं, आणि पहिल्या फेरीला साहेब स्वतः घड्याळ घेऊन रिकाम्या गाडीत बसले.

भरलेली सुटली. साहेब वर येऊ लागले. आधी ऐटीत, मग घाईने, मग घड्याळ सोडून दोन्ही हातांनी काठ धरून.

"दाब की," बायको म्हणाली.

"दाबतोय! लाकूड जळतंय." ब्रेकमधून धूर येत होता. "चाकावर आपटणार हा माणूस. भरलेली पार खाली गेली, तिला आता कोण गाठणार?"

"तिला कशाला गाठायचं? दोर एकच आहे ना."

तिने साहेबांच्या वाटेवर घमेलं उपडं केलं. मग बाजूला भरून ठेवलेलं दुसरं. गाडी वाळूत शिरून खरखरली, अडखळली. तशी खालची भरलेलीही मंदावली. साहेबांचं वजन प्रथमच खाणीच्या कामी आलं. ब्रेकने पकड घेतली. चाक हातभर उरलं असताना गाडी थांबली.

ब्रेकवाल्याने दांडा सोडला नाही, श्वास मात्र सोडला.

साहेबांनी काठावरचे हात सोडवले. "बाई, वाळू किती टाकायची, हे कसं ठरवता?"

"पायाला कळतं."

"उद्या येणार ना?"

"उद्याचं राहू द्या. आज हे तेल कोण पुसणार?"

साहेब उतरले आणि खाली बसून बूट झटकू लागले. तिने बूट त्यांच्या हातातून घेतला, आतली चिमूटभर वाळू फळीवर पाडली, पायाने नीट पसरली आणि बूट परत दिला.