एका चेंडूची जोडी

गिल्ख्रिस्टबाईंनी लाक्लन आणि एफीची जोडी लावली, तेव्हा शाळेच्या गोल्फ संघातलं कुणीच खूश नव्हतं. लाक्लनचा चेंडू सगळ्यांत लांब जाई. एफीचा जवळच पडे, पण सरळ. आणि या खेळात दोघांत चेंडू एकच, एकाआड एक मारायचा.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. लाक्लन जोर लावून चेंडू झुडपांत घालायचा आणि एफी मारायच्या आधीच पुढे चालू लागायचा. ती बिचारी प्रत्येक फटक्यानंतर ‘सॉरी’ म्हणायची. तिचं सॉरी बाईंनी बंदच केलं. जोडीदाराची माफी मागायची नाही, ही इथली जुनी रीत आहे, असं त्यांनी बजावलं. लाक्लनलाही ताकीद मिळाली, की दुसरा मारत असताना जागचं हलायचं नाही. तो हलायचा थांबला, पण उसासे चालूच.

मग एका दुपारी बाईंनी एफीला बाकावर बसवलं आणि लाक्लनला दोघांचे फटके एकट्याने मारायला लावले. समुद्रावरून वारा सुटला होता. त्याचा पहिलाच चेंडू हेदर नावाच्या दाट झुडपात रुतला. तो बाहेर काढायला त्याला तीन फटके लागले.

“रोज हिला इथूनच मारायला लावतोस,” बाई म्हणाल्या. “तिला कुठून मारायला आवडतं, कधी विचारलंस?”

लाक्लन कानापर्यंत लाल झाला. त्याने विचारलंच नव्हतं.

मे महिन्यात शेजारच्या गावच्या शाळेशी सामना झाला. शेवटच्या खड्ड्याला आली तेव्हा दोघं एका खड्ड्याने मागे होती. खड्ड्याभोवतीच्या हिरवळीच्या अलीकडे ओढा होता. एफीचा पहिला फटका सरळ, पण आखूड गेला. प्रतिस्पर्धी जोडीने थेट ओढ्यापार मारायचं धाडस केलं आणि त्यांचा चेंडू पाण्यात गेला. आता लाक्लनची पाळी. त्याने पिशवीतून लांब पल्ल्याची काठी उपसली, तशा बाई एक पाऊल पुढे आल्या आणि थांबल्या. मध्ये बोलायची त्यांना मुभा नव्हती.

तो थांबला. एफीकडे वळून म्हणाला, “तुला कुठून हवाय?”

“ओढ्याच्या अलीकडे, सत्तर यार्डांवर. सपाटीवर दे, बाकीचं मी बघते.”

“बघशील ना नक्की?”

“तू दे तर आधी.”

त्याने काठी बदलली आणि चेंडू हळूच सपाटीवर आणून ठेवला. एफीने तो उंच उचलून खड्ड्यातल्या झेंड्यापासून दोन हातांवर टाकला. ती मारेपर्यंत लाक्लन खांबासारखा उभा होता. उरलेल्या फटक्यात त्याने चेंडू बिनचूक खड्ड्यात घातला. खड्डा जिंकला, सामना बरोबरीत सुटला.

टोप्या काढून चौघांनी हात मिळवले. क्लबात मटण भरलेली गरम पाई खाताना लाक्लनने बाईंना विचारलं, पुढच्या वर्षीही हीच जोडी राहील ना. बाई म्हणाल्या, ते एफीला विचार. एफीचं तोंड भरलेलं होतं. तिने नुसती मान डोलावली आणि सॉसची बाटली त्याच्याकडे सरकवली.