गरम इंजिन, खोटो धनी

मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. हे मी नाही, माझी आई म्हणते, आणि ती उगाच कौतुक करणाऱ्यातली नव्हे. बांद्याच्या बाजारात आई, म्हणजे वजीराबी, मासे घ्यायला उभी राहिली की विकणाऱ्या बायका एकमेकींना कोपराने ढोसतात. ती कल्ले उघडून बघणार, डोळा दाबून बघणार, नाकाशी धरणार आणि मग म्हणणार, "कालचो आसा." तिचाच मी मुलगा, शाहीद. संशय रक्तातच आहे, त्याला मी काय करू!

हायवेवर परशुराम मेस्त्रींचं गॅरेज आहे. तिथे मी वर्षभर नट धुतोय. रॉकेलच्या डब्यात हात घालून बसायचं आणि दुसऱ्यांना गाड्या खोलताना बघायचं. शेवटी मेस्त्रींनी साफ सांगितलं, "एक जुनी गाडी घे. आपल्या हातान खोल, आपल्या हातान जोड. चालली तर तू मेकॅनिक. नाय तर बापाशीच्या दुकानात बसान सुकी मासळी इक."

शिरोड्यातल्या एका जुन्या येझदी मोटारसायकलचा पत्ताही त्यांनीच दिला, आणि वर एक नियम. "पयलो इंजिनाक हात लाव. थंड आसात तर चालू करूक सांग. आधीच गरम आसात तर समज, चालू होना नाय म्हणान धनयान सकाळीच तापवन ठेवल्यान. गरम इंजिन, खोटो धनी!"

हा नियम मी वाटभर घोकला. मालक खोटा निघाला तर सुक्या बांगड्यांच्या पाट्या माझी वाट बघत होत्याच.

सकाळी लवकरच पोचलो. रोझालिना आंटी दारातच बसल्या होत्या. गाडी त्यांच्या नवऱ्याची, आर्थर अंकलची. अंकल रिटायर शिक्षक, सगळी नोकरी या येझदीवर केलेली.

"नाताळापासून बंद आसा," आंटी म्हणाल्या. "हेंचो उजवो डोळो गेलो. डॉक्टरान सांगल्यान, गाडी बंद. पण देवाची करणी बघ! गाडी सुटली आणि देव गावलो. आयताराची मीस चुकयणारो माणूस आता रोज सकाळी मिसाक जाता. माझ्या गुडघ्यांनी माका जमना नाय, पण हे माझ्या वाटणीचोय देव बघतत."

हे सांगताना त्यांचा चेहरा नुसता उजळला होता. नवरा रोज चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जातो, हे शेजारणींनाही सांगून झालं असणार.

एवढ्यात अंकल आलेच. पांढरा स्वच्छ शर्ट, कपाळावर घाम, उजव्या कोपराला पट्टी.

"मिसाक जाताना इगर्जेच्या पायरयेर घसारले," आंटी म्हणाल्या.

मी बघत होतो तो शर्टाचा कफ. कफावर काळा डाग होता. वर्षभर नट धुणाऱ्याला काळं ऑइल ओळखायला शिकवावं लागत नाही. म्हणजे म्हातारा सकाळीच गाडीशी काहीतरी करून आलाय. व्वा रे मिस्सा!

अंकलनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "तू घेतंस ही गाडी? कित्याक रे बाबा? इंजिन खलास आसा. गियर सटाकता. गरिबाचो झिल तू, फसशीत."

आता मला सांगा, आपल्याच मालाला नावं ठेवणारा विकणारा कधी कोणी बघितलाय? शिळ्या सुरमयीलासुद्धा बाजारात कोणी शिळी म्हणत नाही. त्यात आंटीनी सांगितलेला भाव इतका कमी, की मला धडकीच भरली. चोरीची आहे का? कागद बोगस आहेत का? का कोणी बडं गिऱ्हाईक ठरलंय आणि मला नुसतं कटवायचंय? कुठेतरी पाणी मुरत होतं.

"गाडी दाखवा," मी म्हणालो.

घरापासून लांब, माडांच्या टोकाला, रस्त्याला लागून एक खोपी होती. आंटी गुडघे धरत धरत मागून आल्या. अंकल मात्र पुढेच होते, आणि सारखे माझ्या आणि गाडीच्या मध्ये येत होते. मी वरची ताडपत्री ओढली. लाल टाकी, चकचकीत. नाताळापासून बंद असलेल्या गाडीवर एक कोळिष्टक नाही! मी खाली वाकलो आणि मेस्त्रींचं नाव घेऊन इंजिनाला हात लावला.

आई गं! बोटाला असा चटका बसला, की मी उडालोच.

आणि डोकंही तापलं. "आंटी, माका शेंडी लावतास? नाताळापासून बंद म्हणतास, आणि इंजिन आत्ता चुलीवरसून उतरल्यासारख्या!"

"उन्हान तापला आसात," अंकल घाईने म्हणाले.

"माडांच्या सावलीत, ताडपत्रीखाली, सकाळच्या पारी कसला ऊन ओ?" आता मला कोण थांबवणार! "ही बघा टायराक ओली रेती. हो उजवो फूटरेस्ट बघा, ताजो घासलेलो. तुमच्या कफार ऑइल आसा. ही गाडी आज चालवलेली आसा. आणि दोन-चार दिसांमागे उजव्या अंगार आडवी पडलेली आसा!"

'उजव्या' म्हणता म्हणता माझी नजर अंकलच्या कोपरावरच्या पट्टीवर गेली.

आंटीही तिथेच बघत होत्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी घाईघाईने म्हणालो, "आंटी, माझी चूक झाली आसात. मी नवीन आसंय..."

"तू गप रव. ह्या खोपयेत तूच एक खरा बोललंस." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. आवाज अगदी शांत. "आर्थर, आज मिसाक पाद्रीन काय सांगल्यान?"

अंकल आपल्या चपलांकडे बघायला लागले. म्हणाले, "इगर्जेच्या दारातसून कपाळार-छातयेर खुरीस करतंय गो. रोज. मगे वायच रेडीच्या रस्त्यान जाऊन येतंय. तुका आवाज येवचो नाय म्हणान वळणापर्यंत ढकलत नेतंय."

"एका डोळ्यान?"

"रस्तो पण एकच आसा."

मला हसू आलं, आणि त्याच क्षणी इतकं वाईट वाटलं की कुठे बघावं कळेना. आंटी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पुढे होऊन कोपराची पट्टी हळूच उचलली, जखम बघितली आणि परत नीट बसवली. 

"घेऊन जा रे झिला," त्या मला म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

मी पैसे दिले, आंटीनी कागद आणून दिले. चावी खोपीतल्या खिळ्यावर नव्हतीच. अंकलनी ती मिस्साच्या शर्टाच्या खिशातून काढली. मी किक मारली. परत मारली. घामाघूम झालो, पण गाडी हूं की चूं करेना. अंकलनी आंटीकडे बघितलं. त्यांनी मान दुसरीकडे फिरवली, पण नको म्हणाल्या नाहीत. अंकल पुढे आले, पेट्रोलचा कॉक जरा फिरवला, एकच किक मारली, आणि येझदी बोलायला लागली. आवाज एका लयीत येईपर्यंत ते टाकीवर हात ठेवून उभे राहिले.

"इंजिन बरा आसा," मग म्हणाले. "मी खोटा सांगी होतंय. वळणार वायच सांभाळ, रेती आसता."

मी क्लच सोडत होतो तेव्हा मागून आंटीचा आवाज आला. "उद्यापासून मी पण येतंय मिसाक. चलत जाऊया."

"आणि गुडघे?"

"गुडघे गेले खड्ड्यात! तुझ्यार इस्वास कोण ठेयत?"

बांद्याला पोचलो तर आई गॅरेजच्या दारातच उभी. तिने टाकी हुंगली, सीट दाबून बघितली आणि म्हणाली, "बरी आसा." एवढं तर ती सुरमयीलाही म्हणत नाही. मेस्त्री गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"बघूक गेलंस तेवा इंजिन कसा होता?"

"थंड," मी म्हणालो.

"आणि धनी?"

"खरो."

मेस्त्रींनी माझ्या बोटाकडे बघितलं. चटका बसला होता तिथे टचटचीत फोड आला होता.  मग भिंतीवरचा पाना काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "खोल."