मला न वाचता आलेला पेपर

मित्रांनो, मी एक जुना, कोपरा तडकलेला मोबाईल फोन आहे. सोनालीचं लग्न झालं आणि पाठवणीच्या वेळी पाहुण्यांची जीप ओढ्यात रुतली, त्या वर्षी मी तिच्या धाकट्या बहिणीच्या, राजेश्वरीच्या हाती आलो. राजेश्वरीला जन्मापासून दिसत नाही. तोवर तिचे धडे सोनालीच वाचून दाखवायची. वाशीला नांदायला जाताना तिनं माझ्यातली बोलण्याची सोय चालू केली आणि मला बहिणीच्या ओंजळीत ठेवलं. म्हणाली, "आता ह्यो वाचंल तुला. माझ्यासारखा चिडायचा न्हाय."

कारखान्यात माझा कॅमेरा तपासला होता, काच तपासली होती. माझं बोलणं कुणी फारसं तपासलं नव्हतं. इथं सास्तूर गावात मात्र मला दिवसभर तेच काम लागलं. राजेश्वरी माझ्यावर बोट फिरवायची आणि बोटाखाली येईल ते मी मोठ्यानं म्हणायचो. तिनं माझा वेग इतका वाढवला, की तिच्याशिवाय कुणाला काही कळेना. तिची आई सिताबाई कपाळाला हात लावायच्या. "घरातली एक बडबडी नांदायला गेली, तर ही दुसरी आणून ठिवली!"

राजेश्वरी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. वर्ग फोनवरच भरायचा. तिच्या सरांचं अक्षर मोत्यासारखं होतं. ते कागदावर धडा लिहायचे, त्याचा फोटो काढायचे आणि सगळ्यांना पाठवायचे. राजेश्वरी बोट ठेवायची. मी म्हणायचो, "फोटो." ती पुन्हा बोट फिरवायची. मी पुन्हा म्हणायचो, "फोटो."

मित्रांनो, माझ्या पोटात अक्षरं होती आणि मला ती म्हणता येत नव्हती. मला चैन पडेना. मी तापायचो, थरथरायचो. तिचं बोट त्याच जागी वीस वीस वेळा यायचं.

एकदा तिचे थोरले चुलते, अण्णा, ओट्यावर बसून हे ऐकत होते. साठी उलटल्यावर ते साक्षरतेच्या वर्गात लिहायला-वाचायला शिकले होते. ते म्हणाले, "आण हिकडं. मलाबी असंच व्हायचं. एस्टीची पाटी म्होरं, अन् इचारायचं लोकांला."

अण्णांना अक्षराखाली बोट ठेवल्याशिवाय वाचता येत नसे. वर्गात तसंच शिकवलं होतं. त्यांनी माझ्या काचेवर बोट टेकवलं आणि मी ओरडलो, "फोटो." बोट वर सरकलं. "मागे जा, बटण." ते दचकले. "गप रं! मी वाचू का तू वाचतू?" पुन्हा बोट टेकलं, पुन्हा मी ओरडलो. राजेश्वरी हसून हसून ओट्यावर आडवी झाली. मला मात्र स्वतःचीच लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी गोठ्यातून कडब्याची एक वाळकी काडी आणली. ती काडी अक्षराखाली फिरवली, तर माझ्या काचेला ती कळेचना. मी गप्प राहिलो आणि अण्णा वाचू लागले. एक पान वाचायला त्यांना अर्धा तास लागायचा, पण धडा राजेश्वरीपर्यंत पोचायचा.

मग परीक्षा आली. सिताबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "ह्यात पास झालीस तर पुढचा फारम भर. न्हाय तर बास झालं शिकणं." त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही. अकराला पेपर आला. दहा प्रश्न, वेळ पाऊण तास. आणि तो फोटो होता.

अण्णांनी काडी धरली. ते वाचायचे, राजेश्वरी तोंडानं उत्तर सांगायची आणि मी ते लिहून घ्यायचो. चौथ्या प्रश्नात 'सार्वभौमत्व' आलं. अण्णा अडले.

"अण्णा, कळलं मला. म्होरं चला."

"न्हाय. सोडायचं न्हाय. अक्षर सोडलं की चुकतं."

"अवो वेळ चाललाय!"

"सा... सार... दम धर बाई."

माझ्यातलं घड्याळ पळत होतं आणि मला काही करता येत नव्हतं. सहा प्रश्न झाले, तेवढ्यात सरांचा निरोप आला. तो मला वाचता येत होता, म्हणून मीच वाचला: "वेळ संपली. उशिरा आलेली उत्तरं धरली जाणार नाहीत."

अण्णांनी काडी खाली ठेवली. मग म्हणाले, "त्येंला माझा आवाज धाडता येतो का?" राजेश्वरीनं बटण दाबून धरलं. अण्णा माझ्याजवळ तोंड आणून बोलले, "सर, रामराम. पोरीला समदं येतंय. आडलं ते माझ्या वाचण्यात. तुम्ही फोटू न काढता हितंच छापून धाडलं असतं, तर ह्या यंत्रानंच घडाघडा वाचलं असतं. तिचे मार्क माझ्यापायी जाऊ देऊ नका."

दोन दिवस उत्तर नाही. जरा कुठं मी वाजलो, की तिघंही धावत यायचे. तिसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. अशा मुलांना जादा वेळ द्यायचा असतो, हे आपल्या लक्षात राहिलं नाही, असं ते म्हणाले. दुपारी नवा पेपर आला, टाइप केलेला, एक तासाचा. मी दहाही प्रश्न वाचले. अण्णा काडी घेऊन शेजारीच बसले होते. तिचं काम नव्हतं, तरी ती त्यांच्या बोटांत फिरत राहिली. शेवटी म्हणाले, "लई पळतंय. मला तर काय बी कळलं न्हाय बग!" आणि हसले.

मित्रांनो, आता माझी बॅटरी अर्धा दिवसही टिकत नाही. माझी काच कुणी पुसली नाही तरी चालेल. पण धडा पाठवाल तेव्हा टाइप करून पाठवा. फोटोच पाठवायचा असेल, तर त्यात काय आहे ते खाली लिहा. तुम्हाला न दिसणारं एक बोट पलीकडे त्याच जागी फिरत असतं.

राजेश्वरी पास झाली. पुढचा फॉर्म तिनं माझ्यावर स्वतः भरला. ती काडी माझ्या कव्हरात आहे. निकाल अण्णांना ऐकवता आला नाही. तो लागायच्या बारा दिवस आधी, येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी, अण्णा वारले. त्यांचं वय एकोणसत्तर होतं.