हातोडीचा हट्ट

सत्तेचाळिसावं वर्ष लागलं, केस पिकायला लागले, तरी दातांच्या दवाखान्यातले जुने पेशंट तिला ‘छोट्या डॉक्टर’च म्हणत. मोठे डॉक्टर म्हणजे तिचे बाबा. आठ वर्षांपूर्वी “कंटाळा आला” एवढंच सांगून त्यांनी दवाखान्याच्या किल्ल्या लेकीच्या हातात ठेवल्या आणि घरी जाऊन बसले. आज ते पेशंट म्हणून तिच्याच खुर्चीत आडवे होते, आणि सकाळपासून त्यांनी लेकीच्या नाकी नऊ आणले होते.

काम तसं जोखमीचं होतं. वरच्या जबड्यात डावीकडची मागची दाढ पडून बरीच वर्षं झाली होती. तिथे हाडात स्क्रू बसवून त्यावर नवी दाढ लावायची होती. पण तिथे हाडाच्या लगेच वर सायनसची पोकळी असते, आणि बाबांचं हाड झिजून जेमतेम सहा मिलिमीटर उरलं होतं. त्याच्या वर पोकळीचं अस्तर, अंड्याच्या कवचाआतल्या पापुद्र्यासारखं. ते न फाडता वर उचलायचं, खाली हाडाची भुकटी भरायची आणि मग स्क्रू. अस्तर फाटलं तर सगळं आवरून टाके घालायचे आणि काही महिने थांबायचं. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. एकदा फसलं की ते परत या खुर्चीत बसणार नाहीत, आणि उरलेलं आयुष्य एका बाजूने चावत काढतील, हे लेकीला पक्कं ठाऊक होतं.

हे अस्तर उचलायच्या दोन रीती. एक, गालाच्या बाजूने हाडाला छोटीशी खिडकी पाडायची आणि डोळ्यांनी बघत काम करायचं. दुसरी, खालूनच भोक पाडून त्यात बोथट सळई धरायची आणि हातोडीने हलके ठोके देत पोकळीचा तळ वर ढकलायचा. लेकीचा भरवसा खिडकीवर. बाबांना हातोडीच हवी होती.

“बाबा, या वयात ठोक्यांनी नंतर चक्कर येते. लोकांना आठ-आठ दिवस गरगरतं.”

“येऊ दे.”

“खिडकीतून मला सगळं नीट दिसतं.”

“सहा मिलिमीटरला खिडकी? डोंगर पोखरून उंदीर काढणार का? हातोडी जमत नसेल तर तसं सांग, मी घरी जातो.”

हे सगळं पुटपुटत. बहिरी माणसं ओरडून बोलतात असा आपला सगळ्यांचा समज; बाबांचं उलटंच. ऐकू येईनासं झाल्यापासून त्यांचा आवाज बसत चालला होता. समोरच्याचे ओठ बघून ते वेळ मारून नेत. कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं की ताडकन उठून दुसऱ्या खोलीत जात. लेकीने सांगून सांगून घसा कोरडा केला, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी आजही तीच नमली. सहा मिलिमीटरला हातोडी चालते, हे खोटं नव्हतंच.

भूल दिली. मास्क चढवला की ओठ दिसणार नाहीत, म्हणून आधीच ठरलं होतं : दुखलं तर डावा हात वर करायचा. फक्त दुखलं तर.

पहिल्यांदा हात वर झाला तो दिवा वाकडा आहे हे दाखवायला. दुसऱ्यांदा, नर्सने सक्शनची नळी कुठे धरावी हे सांगायला. तिसऱ्यांदा लेकीने ड्रिल थांबवलं, मास्क खाली ओढला आणि विचारलं, “आता काय?” बाबांनी अंगठा दाखवला. छान चाललंय म्हणे! नर्स मास्कच्या आत हसत होती. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घातलेल्या माणसाला स्वतःचं तोंड दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही, दुसरं काय!

साडेचार मिलिमीटर खोल भोक पाडून झालं. आता सळई आणि हातोडी. पहिला ठोका बसला आणि बाबांचं चुळबुळणं एकदम थांबलं. दुसऱ्या ठोक्याला त्यांनी डोळे सताड उघडले. डोळ्यांत पाणी होतं. नर्सने घाईघाईने कागदावर ‘दुखतंय का?’ लिहून समोर धरलं. त्यांनी बोटानेच नाही म्हटलं आणि चालू दे, चालू दे अशी खूण केली.

पाच ठोके, सहा, सात. हात वर.

लेकीने दात-ओठ खाल्ले. सळईवरच्या खुणेप्रमाणे तळ अजून अर्धा मिलिमीटर लांब होता. तसलाच एक ठोका द्यायचा की काम झालं. लांडगा आला रे आला, किती वेळा ऐकायचं? तिने हातोडी उचलली. तेवढ्यात बाबांनी तिचं मनगटच धरलं.

ऑपरेशन करणाऱ्याचं मनगट! दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर बाबांनी त्याला खुर्चीतून उठवून बाहेर काढलं असतं. ती इतकी संतापली की थांबली. “एक्स-रे घे,” ती नर्सला म्हणाली. “दाखवतेच यांना.”

एक्स-रेमध्ये सळईचं टोक तळाला टेकलेलं होतं. तिथे तळ तिरका होता आणि आधीच्या फोटोने दगा दिला होता. आणखी एक तसलाच ठोका, आणि सळई अस्तर फाडून वर गेली असती.

मग तिने अगदी नाजूक टिचकी मारली. तळ हळूच सुटला. अस्तर शाबूत होतं. भुकटी भरली, स्क्रू बसला, टाके पडले. नर्स हत्यारं धुवायला घेऊन गेली आणि लेकीने मास्क काढला.

“कसं कळलं तुम्हाला?”

बाबांनी तिचे ओठ वाचले. “ऐकू आलं,” तोंडातल्या कापसातून ते बोबडं बोलले.

“काय ऐकू आलं?”

“ठोके. आधी थप थप, मऊ हाडातले. मग एकदम टक्. तळ लागला की तसंच वाजतं. तुझं लक्ष खुणेवर होतं.”

ती स्टुलावर बसलीच. आवाज कानातून गेला नव्हता, हाडातून गेला होता. म्हणजे कानाच्या आतली नस जिवंत होती. नुसती बाहेरची वाट बंद झाली होती, आणि त्यावर उपाय असतो. अशा बहिऱ्यांना स्वतःचा आवाज मोठा वाटतो म्हणून ते पुटपुटतात, हे ती कॉलेजात शिकली होती. आठ वर्षं तिच्यासमोर ते पुटपुटत होते, आणि तिला वाटत होतं हा ताठा आहे. तिला स्वतःचाच भयंकर राग आला आणि तो सगळा बाबांवर निघाला.

“डॉक्टर ना तुम्ही? कपाळाला एक ट्यूनिंग फोर्क वाजवून टेकवायचा, हाडातून ऐकू येतंय का बघायचं! एका मिनिटाचं काम!”

“फोर्क आहे घरी. कपाटात.”

“मग घोडं अडलं कुठे?”



“शेवटच्या पेशंटला ठोके देत होतो,” बाबा म्हणाले. “टक् ऐकूच आलं नाही मला. अस्तर फाटलं त्या बाईंचं. दुसऱ्या दिवशी किल्ल्या दिल्या तुला.”

“आणि मला सांगितलंत कंटाळा आला.”

“स्वतःचा आवाज येतो गं. पण तो खरा, की नुसता आठवणीतला? फोर्क लावला आणि तोही मुका निघाला तर? तुझी आई गेल्यावर घरात मी एकटा. कितीदा बाहेर काढला आणि परत ठेवला.”

“म्हणून हातोडी पाहिजे होती?”

बाबांनी मान डोलावली. “इथे नसतं ऐकू आलं, तरी तू होतीस ना.”

लेकीकडे अजून पुष्कळ रागवायचं शिल्लक होतं. ते बाजूला ठेवून तिने त्यांचा कापूस बदलला. मग नर्सला हाक मारून कानाच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं.

“कधी?” बाबांनी विचारलं.

ती त्यांच्या समोर येऊन उभी राहिली, त्यांना नीट दिसेल अशी, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “आजच. आणि मी आत येणार आहे तुमच्याबरोबर.”