माशाची दुसरी प्रत

आईला जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे तिचे सर, खुर्ची पुढे सरकवून म्हणत होते, "आधी बस. चहा सांगू?"

ती बसली नाही. तिने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. माणूस, उंदीर, कोंबडी, बेडूक, मासा. हृदयाचे ठोके सांभाळणारं एकच जनुक, एकाखाली एक मांडलेलं. आईच्या जनुकात जे अक्षर बदललं होतं, ते या सगळ्यांत मूळचंच, जसंच्या तसं होतं. कोट्यवधी वर्षांत त्याला धक्का लागला नव्हता. ज्याच्यात लागला, तो जगलाच नसावा.

"पण आपण तपासलं तेव्हा माशात तर ते वेगळं होतं, आणि मासा मजेत जगतो," सर म्हणाले. "म्हणून तर आपण बदल निरुपद्रवी ठरवला."

"माशात या जनुकाच्या दोन प्रती असतात, सर. एक हृदयात राबते. दुसरी काम सोडून बसलीय. तिच्यात काहीही बदललं तरी माशाचं काही अडत नाही. तुम्ही तुलनेला ती रिकामटेकडी घेतलीत. पहिल्या वर्षाच्या पोरांना आपण हेच बजावतो."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते पडद्यावर वाकले. एकेका अक्षरावरून बोट फिरवू लागले.

याच माणसाच्या शब्दावर डॉक्टरांनी आईच्या हृदयाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. धाकट्या भावाच्याही. त्याच्यातही तोच बदल होता, आणि तो आता खुशाल पळायला जाऊ लागला होता.

"प्रयोगशाळेच्या समितीपुढे ठेवू," सर म्हणाले. "सोमवारी. तू सध्या दुःखात आहेस, तेव्हा…"

"दुःखाचं माझं मी बघेन. तुम्ही मासा बघा."

तिने भावाला फोन लावला आणि टेबलावर मधोमध ठेवला.

"काय गं ताई, बूट घालतोय मी. पुन्हा तेच पुराण लावणार असशील तर ठेव. तुझे सर म्हणालेत ना, काही नाही म्हणून?"

"सर इथेच आहेत. बोल त्यांच्याशी."

सरांनी घसा साफ केला. "हे बघ बाळ, पळायला जाऊ नकोस. गोळ्या आजच सुरू करायच्या, तुझ्या डॉक्टरांना मी लगेच कळवतो. आमच्याकडून… माझ्याकडून चूक झाली."

पलीकडे बूट खाली ठेवल्याचा आवाज आला. मग हळूच, "म्हणजे आईच्या गोळ्या बंद करायला नको होत्या?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. भर सभेत ते अडले की शब्द तीच पुरवायची. तिने हाताची घडी घातली आणि ते काय बोलतात त्याची वाट पाहत ती उभी राहिली.