पटावरची ती एक

मित्रांनो, मिशिगनमधल्या ट्रॉय गावात, एका छोट्या सरकारी हायस्कूलच्या ऑफिसात एकोणीस वर्षं भिंतीवर टांगलेला मी एक सूचनाफलक आहे.

आमची शाळा जरा वेगळी. मोठ्या शाळेत ज्यांचा जीव रमला नाही, आजारपणात ज्यांचं वर्ष गेलं, अशी चौऱ्याण्णव मुलं इथे शिकतात. मला शाळेचा अभिमान आहे, थोडा जास्तच.

दर ऑक्टोबरात पटसंख्या मोजतात. गोरे एक्कावन्न, काळे सत्तावीस, हिस्पॅनिक बारा, मिश्र तीन, एशियन एक. एवढा लहान आकडा असला की मूल ओळखू येऊ नये म्हणून तिथे नुसती चांदणी (*) छापायची, असा नियम आहे. यंदा घाईत सेक्रेटरीबाईंनी आकड्यांचाच कागद माझ्यावर लावला. मीही तो ऐटीत मिरवला.

ती एक म्हणजे सोळा वर्षांची आन्या. मोठ्या शाळेच्या दारातूनच ती परत फिरायची. इथे आल्यावर दीड वर्षात पोरगी हसायला लागली. पण तिच्या आईने, सुलेखाताईंनी, मराठी मंडळात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. अशा शाळेत वाया गेलेली मुलं जातात, असं लोक म्हणतील ही भीती.

आणि एका मंगळवारी त्या चक्क मंडळाच्या अध्यक्ष शरयूकाकूंबरोबर ऑफिसात आल्या! दिवाळीच्या कार्यक्रमासाठी काकूंना आमचा हॉल बघायचा होता आणि सोबत त्यांनी सुलेखाताईंना बोलावलं होतं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

काकू माझ्यासमोर थांबल्या. "अगंबाई, एशियन एकच? कुणाचं गं असेल बिचारं? आपल्यातलं नाही ना?"

"छे! चायनीज असेल कुणीतरी," सुलेखाताई म्हणाल्या.

मी हादरलो. मागे दारात आन्या उभी होती.

"काकू, दॅट वन इज मी," ती म्हणाली. आईकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

सुलेखाताई पांढऱ्याफटक पडल्या. "आन्या, सॉरी बेटा. शरयूताई, ही माझीच. मीच लपवलं."

आता काकू तोंडसुख घेणार, असं मला वाटलं. पण त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"माझा नकुल ऑनलाइन स्कूल करतो म्हणून सांगते ना मी? खोटं आहे गं. मार्चपासून खोलीबाहेरच येत नाही तो."

मित्रांनो, मी सुन्न झालो. दोघी दर महिन्याला मंडळाची मीटिंग एकत्र घेत होत्या आणि एकमेकींपासून हेच लपवत होत्या!

"त्याला इथे घेऊन या ना, काकू," आन्या हळूच म्हणाली.

नकुल अजून आलेला नाही. आन्या मात्र आता ऑफिसात आली की माझ्याकडे पाठ करून उभी राहते. आईने माफी मागितली, पण माझ्यासमोर ऐकलेलं काही कानातून परत काढता येत नाही. मुलांना शाळा कुठलीही मिळो, मित्रांनो, चारचौघांत 'हे माझं' म्हणायला तेवढं विसरू नका.